हनोई, लुंग ताम, माई चाऊ, होई आन : कारागिरांच्या घरी नेणारी व्हिएतनामची ग्रुप टूर, माझा अनुभव

मार्चमध्ये आम्ही तेरा जण बारा दिवस व्हिएतनामला जाऊन आलो आणि तेव्हापासून निदान वीस जणांनी विचारलंय की कशी होती टूर, पैसे वसूल झाले का, आम्ही जाऊ का, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकते. टूर कंपनीचं नाव इथे देत नाहीये कारण माझ्या काही तक्रारी आहेत आणि त्या मी त्यांना थेट कळवल्यात, ज्यांना खरंच जायचंय त्यांना नाव वेगळं सांगेन.

ही टूर म्हणजे हा लाँग बेमधली बोट, बा ना हिल्सवरचा तो दगडी हातांचा पूल, असली नेहमीची ठिकाणं दाखवणारी नव्हती. कारागिरांना भेटायचं, त्यांच्या कामाच्या जागी बसायचं, शक्य तिथे स्वतः हात लावून बघायचा आणि जे घ्यायचं ते फेअर ट्रेड पद्धतीने, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देऊन, चालणाऱ्या ठिकाणांहूनच घ्यायचं, अशी आखणी. आमच्या पुण्याच्या गोधडी ग्रुपमधल्या सहा जणी होतो (आम्ही शनिवारी एकत्र बसून गोधड्या शिवतो, गेली नऊ वर्षं), बाकीचे नाशिक, ठाणे आणि एक जोडपं पणजीचं. खर्च माणशी एक लाख अडुसष्ट हजार, विमानासकट. व्हिसा वेगळा, तो ऑनलाइन ई-व्हिसा पंचवीस डॉलरचा, सोपा आहे, फक्त पासपोर्टवरचं नाव जसंच्या तसं टाका. मुंबईहून हनोई थेट विमान, पाच-साडेपाच तास.

पहिला दिवस कंपनीने फार विचार करून ठेवलेला होता. नुसतं हॉटेलवर टाकून दिलं नाही, संध्याकाळी गाइडने सगळ्यांना बसवून कोणाला काय म्हणायचं ते शिकवलं. ती हनोईची पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी, आम्हाला सगळ्यांना 'को' म्हणायची. को म्हणजे आत्या, पुरुषांना 'चू' म्हणजे काका, आणि थोड्याच मोठ्या बाईला 'ची' म्हणजे ताई. तिथे म्हणे बोलायला सुरुवात करतानाच समोरच्याचं वय आणि नातं ठरवावं लागतं, नुसतं 'तू' 'तुम्ही' करून भागत नाही. आम्हाला हे इतकं आपलं वाटलं की दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तिची आत्या-काका मंडळीच झालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानववंशशास्त्र संग्रहालय, १९९७ मध्ये उघडलेलं. व्हिएतनाममध्ये सरकारी नोंदीप्रमाणे ५४ समाज आहेत, त्यातले किन्ह म्हणजे बहुसंख्य, साधारण ८५ टक्के, आणि उरलेले ५३ मुख्यतः डोंगराळ भागातले. ह्मोंग, थाय, झाव, चाम, बाहनार. मागच्या बागेत त्यांची खरीखुरी घरं उभी केलीत, बाहनार लोकांचं ते आभाळाला टेकलेलं छप्पर बघायला मान पूर्ण मागे टाकावी लागते. हे आधी बघितल्यामुळे पुढे कोण कुठले, कोणाचं भरतकाम, कोणाचा माग, हे डोक्यात नीट बसलं. टूरचा हा क्रम मला फार आवडला, नाहीतर आपण सरळ खरेदीला सुटतो.

खरेदी दुपारी होतीच. हनोईच्या साहित्य मंदिराजवळ (टेम्पल ऑफ लिटरेचर) वान मिऊ रस्त्यावर क्राफ्ट लिंकचं दुकान आहे. ही १९९६ पासून काम करणारी ना नफा संस्था, फेअर ट्रेडवाली, डोंगरातल्या समाजांच्या बायकांबरोबर आणि अपंग कारागिरांबरोबर काम करते. दुकान म्हणून बघाल तर मी पाचपैकी पाच देईन. दर ठरलेले, कोणी मागे लागत नाही, आणि हे कुणाचं काम ते विचारलं की नीट सांगतात. मी तिथे फार घेतलं नाही, आधी करताना बघू आणि मग घेऊ असं ठरवलेलं, आणि ते बरं झालं.

बात चांगच्या मातीकामाबद्दल थोडक्यात लिहिते कारण तिथे आम्हाला जेमतेम दोन तास मिळाले. हनोईपासून बारा-तेरा किलोमीटरवर, लाल नदीच्या काठी, शेकडो वर्षांचं चिनीमातीचं गाव. चाकावर वाडगा करून बघितला, मजा आली, पण बाकीचा वेळ दुकानांच्या गल्लीत गेला. गर्दी फार. पुढच्या वेळी कंपनीने हे वगळलं तरी चालेल.

आता लुंग ताम. संपूर्ण टूर नाही जमली तरी या एका ठिकाणासाठी जा असं मी सांगेन.

हनोईहून उत्तरेला हा जांग हे शहर तीनशे किलोमीटर, बसने सात तास, रात्री तिथे मुक्काम, आणि सकाळी अजून पन्नासेक किलोमीटर घाटातून क्वान बा भागात. रस्ता वळणांचा आहे, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी घ्यावीच. चुनखडीचे डोंगर असे एकापाठोपाठ उभे की आपला सह्याद्री बघितलेला माणूससुद्धा गप्प बसतो. लुंग ताममध्ये ह्मोंग बायकांची सहकारी संस्था आहे, हेम्पचं कापड करणारी. हेम्प म्हणजे भांगेच्याच जातीचं रोप, पण इथे ते धाग्यासाठी लावतात. ह्मोंग लोकांत अशी श्रद्धा आहे की माणूस गेल्यावर त्याच्या अंगावर हेम्पचं कापड हवं, तरच पलीकडचे पूर्वज त्याला ओळखतात. म्हणजे हे कापड टुरिस्टांसाठी काढलेलं नाही, त्यांच्या जन्ममरणातलं आहे, आणि ते कळल्यावर हातातल्या तुकड्याकडे बघायची नजरच बदलते.

काम कसं चालतं ते सांगते कारण मी गोधडीवाली आहे आणि मला त्यातच रस. रोप साधारण अडीच महिन्यांत कापायला येतं. काड्या वाळवायच्या, हाताने साल सोलायची, पट्टे काढायचे, मग ते उखळात कांडून मऊ करायचे. त्यानंतरचं काम सगळ्यात वेळखाऊ, प्रत्येक पट्ट्याचं टोक पुढच्याच्या टोकात हातानेच पीळ देऊन जोडायचं, गाठ नाही मारायची. गाठ मारली तर कापडात फुगवटा येतो. हे बायका चालता चालता करतात, बाजाराला जाताना, गप्पा मारताना, हाताला गुंडाळी लावलेली आणि बोटं आपली चालूच. मग पायाने चालवायचं मोठं चाक, त्यावर एका वेळी चार चात्या. एक आजी बसल्या होत्या, पाय चाकावर आणि दोन्ही हातांत चार धागे, मी अर्धा तास त्यांच्याकडेच बघत होते. मग राखेच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळणं, धुणं, उन्हात टाकणं. मग माग. मागावरून येणारा पट्टा अरुंद असतो, दीड-दोन वीत. त्यानंतर कापड गुळगुळीत करायला ते लाकडी ओंडक्यावर गुंडाळून वर सपाट दगड ठेवतात आणि त्या दगडावर बाई उभी राहून डावीकडे-उजवीकडे झुलत कापड घोटते. मेणाने नक्षी काढायची ती बांबूच्या दांडीला बसवलेल्या तांब्याच्या पात्याने, मेण निखाऱ्यावर ऊन ठेवलेलं. मग निळीच्या पिंपात बुडवायचं, काढायचं, वाळवायचं, परत बुडवायचं, असं कित्येक दिवस. शेवटी उकळून मेण काढलं की नक्षी पांढरी उठते.

आम्हाला साल जोडायला बसवलं. मी चाळीस मिनिटांत हातभर धागासुद्धा धड जोडू शकले नाही आणि जो जोडला तोही शेजारच्या ताईने ओढून बघितल्यावर दोन ठिकाणी सुटला. तिने तो फेकला नाही, माझ्याच मांडीवर ठेवून परत करून दाखवला. एक शब्द कळत नव्हता एकमेकींचा. तिने माझ्या पिशवीवरचा धावदोरा बघितला, पिशवी उलटी करून आतली बाजू बघितली, आणि मान हलवली. शिवणारी बाईच आतली बाजू आधी बघते.

सकाळी उतरल्या उतरल्या आमच्यातल्या एक ताई तिथल्या दुकानात एका टेबल रनरचा भाव करायला लागल्या होत्या, आपल्याला सवयच असते, निम्म्यापासून सुरुवात. गाइडने हळूच सांगितलं की को, इथे दर बायकांनी मिळून ठरवलेले असतात, आधी काम बघा मग ठरवा. दुपारी सगळं बघून झाल्यावर त्याच ताईंनी तोच रनर घेतला, आणखी दोन घेतले आणि भावाचं नाव काढलं नाही. मी एक रनर आणि दोन उशीचे अभ्रे घेतले, मिळून साधारण साडेतीन हजार रुपये झाले. तिथे बसले असताना मला येवला आठवत होतं. लेकीच्या लग्नाच्या पैठणीसाठी मी विणकराच्या घरी बसून एक तास घासाघीस केली होती आणि दोन हजार कमी करून घेतले म्हणून परतताना खूश होते. त्या घरात माग चालू होता, मुलगा धोटा टाकत होता, आणि मी एकदाही विचारलं नव्हतं की या पदराला किती दिवस लागले. हे मला लुंग ताममध्ये उमगलं याचं वाईट वाटलं, आधी कळायला हवं होतं.

फेअर ट्रेड म्हणजे फक्त जास्त भाव असं आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं, मलाही. बसमध्ये, आमच्याबरोबर आलेल्या टूर कंपनीच्या बाईंनी त्यावर चांगला तासभर सांगितलं. जागतिक फेअर ट्रेड संघटनेची दहा तत्त्वं आहेत, त्यात बालमजुरी नको, बाईपुरुषाला सारखा मोबदला, कामाची जागा सुरक्षित हे आहेच, पण मला महत्त्वाचं वाटलं ते आगाऊ रकमेचं. हस्तकलेची ऑर्डर देणाऱ्याने, कारागिराने मागितलं तर निदान ५० टक्के रक्कम आधी द्यायची, बिनव्याजी. कारण डोंगरातली बाई तीन-चार महिने कापड करणार, तोवर घर कसं चालणार? आधी पैसे नाही मिळाले तर ती दलालाकडून कर्ज काढते आणि माल त्यालाच पडेल भावात द्यावा लागतो. आपल्याकडेही हेच होतं की. मुंबईत अंधेरीला १९८४ पासून क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स आहे, वस्तीतल्या बायकांबरोबर याच पद्धतीने काम करणारी, आमच्यातल्या ठाण्याच्या दोघींना ते माहीतही नव्हतं. हो ची मिन्ह सिटीतही १९९० पासूनची माई हँडिक्राफ्ट्स नावाची अशी संस्था आहे, पण आमची टूर दक्षिणेला गेलीच नाही.

आता इथली पहिली तक्रार. भाषा. कारागीर ह्मोंग बोलतात, संस्थेतली एक मुलगी ते व्हिएतनामीत सांगायची, गाइड ते इंग्रजीत, आणि कंपनीच्या बाई मराठीत. मी विचारलं की एका मीटरमागे हातात किती पडतात आणि कधी पडतात. उत्तर चार जणींतून फिरून आलं ते असं की 'त्या खूप आनंदी आहेत.' मी परत विचारलं तेव्हा कुठे कळलं की टप्प्याटप्प्याने गट आहेत, सोलणारे, कातणारे, रंगवणारे, शिवणारे, आणि ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे हिशोब होतो. आकडा शेवटपर्यंत मिळाला नाही. ज्या टूरचं नावच कारागिरांना भेटा असं आहे तिथे ह्मोंग बोलणारा चांगला दुभाष्या पूर्ण दिवस हवाच, यात काटकसर करायची नाही. आणि माझ्या एक लाख अडुसष्ट हजारांतले संस्थेला किती गेले ते मला लेखी हवं होतं, तोंडी सांगितलं, लेखी अजून आलेलं नाही.

दुसरी तक्रार मोठी. परत येताना हनोईच्या अलीकडे बस एका भल्यामोठ्या शोरूमसमोर थांबली, कार्यक्रमात नसताना. टॉयलेट ब्रेक म्हणाले. आत दारातच अपंग मुलं भरतकाम करत बसवलेली आणि मागे फुटबॉल मैदानाएवढं दुकान, लाखेचं काम, संगमरवर, रेशीम, सगळं, सेल्सवाले प्रत्येकामागे एक. काय कुठून आलंय, कोणी केलंय, एकालाही सांगता येत नव्हतं. पणजीच्या काकांनी सरळ विचारलं की इथे तुमचं कमिशन आहे का. कंपनीच्या बाईंना खरंच माहीत नव्हतं, बसवाल्याने परस्पर थांबवलेली, असं त्यांनी सांगितलं आणि सगळ्यांची माफी मागितली. माफी मान्य. पण बसवाल्याशी करार करताना ही अट घालायला हवी होती.

तिसरी जेवणाची. आमच्यात पाच शाकाहारी. व्हिएतनामीत शाकाहाराला 'आन चाय' म्हणतात, बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पाळतात, त्यामुळे हनोईत आणि होई आनला उत्तम मिळालं, टोफू, मशरूम, फणसाची भाजी. पण डोंगरात गेल्यावर माशाचं पाणी, ते नूक माम, प्रत्येक भाजीत. दोन जेवणं त्या पाच जणांनी भात, शेंगदाण्याचं कूट-मीठ आणि आपली घरची चटणी यावर काढली. कंपनीने आधी कळवलंय असं म्हणत होते, पण स्वयंपाकघरात ते पोचलं नव्हतं. थेपले, मेतकूट, चटणी न्याच.

मग माई चाऊला दोन रात्री, तिथल्या थाय समाजाच्या खांबांवरच्या घरात. खाली माग, वर झोपायचं, बांबूची जमीन, आडवी गादी आणि मच्छरदाणी. ज्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यांनी जिना आणि खाली झोपणं याचा विचार करून जा. भाताची खाचरं अगदी कोकणासारखी, सकाळचं धुकं, बांबूत शिजवलेला चिकट भात तिळाच्या कुटाबरोबर. रात्री गावातल्या बायकांनी नाच केला, हात धरून गोलात, त्याला श्वे म्हणतात, २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलाय, आणि आम्हाला ओढून घेतल्यावर आम्ही फेर धरून दोन गाणी आपली म्हटली, त्यांना ती जाम आवडली. मात्र इथे गल्लीतल्या दुकानांत जे स्कार्फ लटकलेले असतात ते सगळे इथे विणलेले नसतात, बरेच मशीनचे. गाइडने ओळखायला शिकवलं : मागची बाजू बघा, छापील असेल तर मागे फिकं दिसतं. हातमागाची किनार अगदी सरळ नसते. नव्या निळीच्या कापडावर ओलं बोट घासलं तर बोट निळं होतं. आम्ही ज्या घरी राहिलो त्या काकूंच्या मागावर पट्टा चढलेला होता, आम्ही दोन दिवसांत तो एक वीत वाढलेला बघितला, आणि त्यांच्याकडूनच घेतलं.

मग विमानाने दा नांग, तिथून होई आन. गाव सुंदर आहे, १९९९ पासून जागतिक वारसा, संध्याकाळी नदीकाठी कंदील, पण गर्दी एवढी की पहिल्या तासात मला परत डोंगरात जावंसं वाटलं. मग आम्हाला चान फू रस्त्यावरच्या रीचिंग आउट या संस्थेच्या चहाघरात नेलं. तिथे वाढणारे सगळे मूकबधिर. टेबलावर लाकडाचे छोटे ठोकळे ठेवलेले असतात, त्यावर गरम पाणी, बर्फ, बिल, धन्यवाद असे शब्द, हवा तो उचलून दाखवायचा. तेरा मराठी माणसं एक तास कुजबुजसुद्धा न करता बसली! बाहेर रस्त्यावर गोंगाट आणि आत फक्त कपबशीचा आवाज. तीन प्रकारचे चहा चाखायचा सेट मागवा. त्यांचं हस्तकलेचं दुकानही आहे, २००० साली सुरू झालेल्या या संस्थेत अपंग कारागिरांनी केलेल्या वस्तू, सुरू करणारे स्वतः व्हीलचेअरवर आहेत. त्या शोरूमच्या दारात बसवलेली मुलं बघून आलेली आम्ही माणसं, इथला फरक कुणाला समजावून सांगावा लागला नाही. इथे कारागीर दारात मांडलेले नव्हते, दुकान त्यांचं होतं.

मग होई आनजवळच्या 'मी सन' या ठिकाणी अर्धा दिवस. चाम राजांची शिवमंदिरं, चौथ्या शतकापासूनची जागा, तिथल्या देवाचं नाव भद्रेश्वर. आपल्या भारतीय पुरातत्त्व खात्याने इथे जीर्णोद्धाराचं काम केलंय आणि २०२० मध्ये त्या कामातच नवव्या शतकातलं अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. नाशिकच्या आजोबांनी तिथे चपला काढून नमस्कार केला, मग आम्ही सगळ्यांनीच केला. गाइड म्हणाली हे मंदिर बांधणाऱ्यांचे वंशज चाम लोक आजही आहेत, दक्षिणेला निन्ह थुआन भागात, त्यांच्यातले काही अजून हिंदू परंपरा पाळतात, आणि तिथल्या बाउ त्रुक गावात बायका चाकाशिवाय मडकी घडवतात. मडकं मध्ये ठेवतात आणि बाईच त्याच्याभोवती वाकून उलट्या पावलांनी फिरते. भाजायलाही भट्टी नाही, उघड्यावर काटक्या-गवतात. २०२२ मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायला हवी अशांच्या यादीत घातली. कुंभाराचं चाक फिरतं हेच आपण आयुष्यभर बघितलेलं, आणि इथे बाईच फिरते. मग बात चांगची गर्दी दाखवण्यापेक्षा आम्हाला तिकडे का नाही नेलं? हे मी बसमध्ये विचारलं आणि मेलमध्येही लिहिलं.

कधी जावं तर मार्च ठीक आहे, उत्तरेला थंडी आणि भुरभुर पाऊस असतो, स्वेटर लागतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरला हा जांगला कुट्टूच्या फुलांचा बहर असतो पण त्याच काळात होई आनला पूर येतात, म्हणून एकाच फेरीत दोन्ही नको. ग्रुप बारा-तेराच्या वर असेल तर जाऊ नका, लुंग तामच्या ओसरीवर त्याहून जास्त माणसं बसत नाहीत. आणि निळीचं कापड पहिल्या तीन वेळा वेगळं धुवा, थंड पाण्यात, माझ्या रनरने तिसऱ्या धुण्यालाही बादली निळी केली.

गुण द्यायचे तर लुंग ताम आणि चहाघर पाचपैकी पाच, माई चाऊ चार, दुभाष्या आणि शाकाहारी जेवण दोन, ते शोरूम शून्य. काल कंपनीचं उत्तर आलंय. बसवाला बदललाय, ह्मोंग दुभाष्या पुढच्या बॅचपासून ठेवणार, आणि बात चांगऐवजी निन्ह थुआनचे दोन दिवस घालता येतात का ते बघतायत. पैशांच्या वाटणीचं मात्र त्या पत्रात काहीच नाही, ते मी आज परत विचारलंय. ते लेखी आलं आणि बाउ त्रुक पक्कं झालं तर माझं आणि नणंदेचं नाव मी लगेच देणार आहे.